डोहातलं टायटॅनिक

३ फेब्रुवारी, सोमवार. एटापल्ली

नवीन वही आणली. जुनी ऑक्टोबरातच बंद पडली, कारण तिच्यात नुसते संकल्प होते. या वहीत फक्त झालेलं काम लिहायचं.

आज झालेलं काम: वही आणली.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७

वही आणण्याचं कारण लिहायचं राहिलं. जिल्ह्याची उपक्रम स्पर्धा जाहीर झाली. एक विषय, पन्नास इंग्रजी शब्द. शिक्षकाने विषय निवडायचा, त्यावरचे पन्नास शब्द पोरांना शिकवायचे, मार्चमध्ये साहेब येऊन पाठ बघणार. केंद्रप्रमुख लटारू सरांनी ग्रुपवर टाकलं. केंद्रात बावीस शिक्षक. एकानेही उत्तर दिलं नाही. मी तीन मिनिटांत दिलं.

याला दूरदृष्टी म्हणतात. बायको नूतन आणि मुलगी खुशबू गडचांदूरला, मी सहा वर्षांपासून इथे, भाड्याच्या खोलीत, स्वतःच्या हातचं वरण-भात खात. जिल्हा वेगळा, त्यामुळे बदलीच्या यादीत नाव काही केल्या लागत नाही. पण उपक्रम गाजला की नाव साहेबांच्या तोंडी येतं, तोंडी आलं की फाइलवर येतं, आणि फाइलवर आलं की माणूस घरी जातो. लटारू सर म्हणाले, बदल्या आता ऑनलाइन होतात, कॉम्प्युटरले काय मालूम जी तुमचा उपक्रम. सरांना निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. जिद्द संपलेली.

नूतनला फोन केला. येत्या जूनपासून कायमचा घरी, असं सांगितलं. ती म्हणाली, हा कोणत्या सालचा जून. मग म्हणाली, ठेवते, ड्यूटी आहे. ती दवाखान्यात नर्स आहे, तिला लोकांना धीर देण्याची सवय आहे. घरी मात्र देत नाही.

५ फेब्रुवारी

विषय ठरला. टायटॅनिक, म्हणजे जहाज बुडणे आणि नंतर सापडणे. मोबाइलवर तयार वर्कशीट मिळालं. शब्द अगदी पन्नास. शिप, कॅप्टन, आइसबर्ग, लाइफबोट, सर्व्हायव्हर, रेक, एक्सपिडिशन, डिस्कव्हरी. वर्कशीटवरची पोरं लोकरीच्या टोप्या घालून हसत आहेत. आमच्या शाळेत एकूण एकोणीस पोरं, दुसऱ्या शिक्षकाचं पद रिक्त, टोपी एकालाही नाही. पण विषय आंतरराष्ट्रीय आहे. बाकीचे शिक्षक माय फॅमिली आणि फ्रूट्स घेणार, मला माहीत आहे.

पोरांना रोज दहा शब्द, म्हणजे पाच दिवसांत काम खल्लास. न्यायाने मीही काही शिकायला पाहिजे. पोरांची घरची भाषा माडिया. रोज पाच माडिया शब्द पाठ करणार. खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, आजपासून बंद.

६ फेब्रुवारी

पहिला पाठ. टायटॅनिक कोणालाच माहीत नाही. समुद्र कोणी पाहिलेला नाही. मी एकदा पाहिला आहे, ट्रेनिंगला जाताना, बसच्या खिडकीतून, अर्धवट झोपेत. तरी वर्णन चांगलं केलं.

सांगितलं, जगातलं सगळ्यात मोठं जहाज, बर्फाच्या डोंगरावर आदळलं, बुडालं, दीड हजार माणसं मेली. दुसरीतल्या सुकलूने विचारलं, तो बर्फ तिथी कोणं ठेवला. पाचवीतली मंगली म्हणाली, मंग बाहेर कधी काढलं. मी म्हणालो, काढलं नाही, त्र्याहत्तर वर्षांनी नुसतं सापडलं. सगळा वर्ग हसला. मंगली म्हणाली, आमचा बा तर मिरची तोडून आला का लगेच काढते.

विषयांतर. मंगलीचा बाप लालसू पावसाळ्यात डोंगा चालवतो. शाळेचं गाव नदीपलीकडे आहे, पूल नाही, त्यामुळे जुलै ते ऑक्टोबर मी त्याच्याच डोंग्यातून ये-जा करतो आणि पॅन्टच्या बुडाशी ओला होतो. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता येते. सध्या लालसू तेलंगणात मिरची तोडायला गेला आहे, अर्धं गावच गेलं आहे. याचा टायटॅनिकशी काय संबंध, ते मंगलीलाच माहीत.

आज शिकवलेले शब्द: शिप. माडिया शब्द: उद्यापासून.

११ फेब्रुवारी

आइसबर्ग प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. एटापल्लीच्या शरबतवाल्याकडून बर्फाची लादी घेतली, पोत्यात गुंडाळून मोटारसायकलला बांधली. नदीपर्यंत पोचेस्तोवर निम्मी उरली. शाळेत पोचलो तेव्हा मुठीएवढी. पोरांनी आइसबर्ग चोखून संपवला. शब्द मात्र पक्का झाला. कमळाबाई, आमच्या खिचडी शिजवणाऱ्या, म्हणाल्या, रोज आणत जा जी सर, पोरं गपचूप बसतात.

आज एकच खर्रा, तोही दुसऱ्याने दिला म्हणून.

१९ फेब्रुवारी

तीन दिवस मतदार यादीचं काम. दोन दिवस ऑनलाइन माहिती भरणं. नेटवर्क टेकडीवर येतं, टेकडीवर लॅपटॉप चालत नाही. एक दिवस अंगात कणकण. शब्द एकूण अकरा झाले. त्यातले सात पोरांना येतात, चार मला.

२१ फेब्रुवारी

लटारू सर भेट द्यायला आले. घामाघूम. वर्ग पाहिला. मी रेक म्हणजे बुडालेलं जहाज असं फळ्यावर लिहिलं होतं. सरांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, पोरांच्या डोळ्यासमोरचं काही घ्या जी. त्यांनी जे पाहिलं नाई, ते त्यांच्या डोक्यात कसं बसन.

राग आला. सहा वर्षं मी इथे झिजतो आहे, आणि हे वर्षातून दोनदा येऊन ज्ञान देतात. चहा न विचारता बसलो. नंतर विचारला. सर म्हणाले, नको, साखर वाढली आहे.

पण रस्त्याने जाताना वाटलं, डोळ्यासमोरचं म्हणजे काय असू शकतं?

२५ फेब्रुवारी, दुपारी २

शोध लागला. हात ओले आहेत म्हणून अक्षर असं.

डबा खाऊन हात धुवायला डोहावर गेलो. नदीला आता धार कमी, पण शाळेच्या मागे डोह आहे, तिथे कमरेएवढं पाणी बारा महिने असतं. पाणी नितळ होतं. तळाशी काळं, लांबलचक काहीतरी दिसलं. नीट पाहिलं तर डोंगा. सबंध. आतमध्ये मोठाले दगड भरलेले.

म्हणजे अस्सल रेक. आमच्या शाळेपासून दीडशे पावलांवर. टायटॅनिक शोधायला मोठ्या मोठ्या देशांना त्र्याहत्तर वर्षं लागली, मला खरकटे हात धुताना सापडलं. कॅमेऱ्यात त्यांना आधी जहाजाचा बॉयलर दिसला होता, हे वर्कशीटवर आहे. मला आधी दगड दिसले. पद्धत तीच.

पोरांना बोलावलं. सगळ्यांना दाखवलं. कोणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नाही. हीच या भागाची अडचण आहे, जिज्ञासा कमी. मंगली म्हणाली, सर, तो आमचा हाय. बानं ठेवला. उन्हात राहिला का फाटते, म्हणून पाण्यात ठेवते. मी तिला समजावलं की बुडालेली वस्तू सगळ्या मानवजातीची असते. ती म्हणाली, नाई, आमची असते.

२८ फेब्रुवारी

एक्सपिडिशन यशस्वी.

सकाळी आठला सुरुवात. दोरखंड, बांबू, तेरा पोरं. आधी दगड काढले, मग ओढला. पोरं म्हणाली, नको सर. मी म्हणालो, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, साहेब बघून गेले की परत ठेवू. शिवाय ओढताना त्यांना पुल, रोप, हेवी असे तीन शब्द जागच्या जागी आले.

मंगलीचा आजा चैतू बैलं घेऊन आला होता, काठावर थांबला. म्हणाला, नको काढू बा, लालसू नाई इथी. मी म्हणालो, सरकारी कार्यक्रम आहे. तो बैलं घेऊन गेला. सरकारी म्हटलं की म्हाताऱ्यांना महत्त्व पटतं.

मंगलीने दोरीला हात लावला नाही. दगडावर बसून राहिली. सहभागाच्या रकान्यात तिच्यापुढे रेघ मारली. मनाला बरं वाटलं नाही, पण शिस्त आहे.

माडिया शब्द आज ऐकले पुष्कळ. पोरं आपापसात बोलत होती. लिहून घ्यायला पेन नव्हता.

४ मार्च

डोंगा शाळेच्या अंगणात, झेंड्याच्या खांबाजवळ, विटांवर ठेवला. काय देखणा दिसतो. एकाच खोडाचा, मधून कोरलेला. डेक, हल, बो अशा चिठ्ठ्या डकवल्या. बो म्हणजे पुढचं टोक, ते कुठलं हे नक्की नव्हतं, दोन्हीकडे लावली.

फोटो नूतनला पाठवला. खुशबूने उत्तर दिलं: बाबा तुम्ही खरंच जहाज शोधलं? मी लिहिलं, हो. चौथीतल्या मुलीला डोंगा आणि जहाज यातला फरक फोनवर कसा सांगणार. तिने वर्गात सगळ्यांना सांगितलं म्हणे.

कमळाबाईंचं म्हणणं, मोहाच्या झाडाखाली सावलीत न्या, वरून ओले पोते टाका. मी म्हणालो, सावलीत व्हिडिओ येत नाही.

१० मार्च

साहेबांची भेट पुढे ढकलली. मीटिंग. सकाळी बघतो तर डोंग्यावर ओले पोते. कमळाबाईंचं काम. चिठ्ठ्या भिजून शाई उतरली. पोते काढून टाकले, नवीन चिठ्ठ्या लिहिल्या. बाईंना समज दिली. त्या म्हणाल्या, तुमची मर्जी जी. त्या दिवशी खिचडीत मीठ नव्हतं.

१७ मार्च

होळीमुळे पुन्हा पुढे. ऊन कडक. डोंग्याच्या बुडाला केसाएवढी रेघ पडली आहे. त्याने तो जास्त ऐतिहासिक दिसतो. पोरांना क्रॅक हा शब्द दिला.

एकूण शब्द चोवीस. साहेबांना पन्नास कोण मोजून दाखवणार.

२१ मार्च

रेघ वाढली. लाकूडच कमी दर्जाचं असावं.

घरी फोन. नूतन म्हणाली, खुशबूला ताप होता, आता उतरला. कधी होता, विचारलं, तर म्हणाली सोमवारपासून. मी म्हणालो, सांगायचं होतं. ती म्हणाली, सांगून तू येणार होतास का. मी म्हणालो, साहेबांची भेट आहे ना. टेकडीवर वारा खूप होता.

२७ मार्च

साहेब आले. अकरा मिनिटं थांबले.

पाठ अप्रतिम झाला. सुकलूने आइसबर्ग म्हटलं. तिसरीच्या दोघांनी लाइफबोट म्हटलं, एकाने शेजारच्याचं ऐकून. मग सगळे अंगणात. साहेबांनी डोंग्याकडे बोट दाखवून मंगलीलाच विचारलं, हे काय आहे सांग बेटा. मी तिला तीन दिवस घोटून घेतलं होतं, धिस इज अ रेक. ती म्हणाली, हा आमचा डोंगा हाय. पाण्यात होता. सरांनी बाहेर काढला. आता फाटला.

साहेब म्हणाले, वा, स्थानिक संदर्भ. मग घड्याळ पाहिलं. लटारू सर मात्र डोंग्यापाशी वाकून त्या रेघेत बोट घालून बघत होते. पहिलं पेर आत गेलं. जाताना नुसतं म्हणाले, लालसूले काय सांगसान.

अधिकारी लोकांना यश बघवत नाही.

एकंदरीत दिवस उत्तम. जूनची तयारी करायला हरकत नाही. खोलीमालकाला सूचना देऊन ठेवली की जूनमध्ये खोली सोडतो.

१ एप्रिल

ठरल्याप्रमाणे डोंगा परत डोहात ठेवला. दिलेला शब्द पाळला. आधी एटापल्लीहून आणलेल्या, लाकडात भरायच्या लांबीने भेग भरली. पाण्यात ठेवताच लांबी सुटून तरंगायला लागली. कमळाबाई काठावर भांडी घासत होत्या. म्हणाल्या, लाकूड फाटलं का जुडत नाई जी. मी म्हणालो, पाण्याने फुगून बसेल. त्या म्हणाल्या, बसन तं बसन.

मंगली आता फळ्याकडे बघते, माझ्याकडे बघत नाही. मुलींचं हे वय असंच असतं.

१६ एप्रिल

जयंतीला गडचांदूरला जाऊन आलो. मिरवणुकीत खुशबू पांढऱ्या ड्रेसमध्ये, माझं बोट धरून. तिच्या तीन मैत्रिणींशी माझी ओळख करून दिली, हे जहाज शोधणारे बाबा. मी हसून मान हलवली. काय करणार.

परत आलो तर लालसू मिरचीहून आलेला. दुपारी शाळेत आला. त्याने डोंगा डोहातून काढून उलटा ठेवला होता, मला तिथे घेऊन गेला. भेगेतून पलीकडचं गवत दिसत होतं. त्याने तिच्यात हात घातला, मनगटापर्यंत. मग तिथेच खाली बसला.

त्याने काही विचारलं नाही. म्हणून मीच सांगितलं की गुरं पाण्यात उतरली होती, त्यांच्या पायाने सरकून डोंगा वर आला असावा, आणि लाकूडही जुनंच होतं. लालसू म्हणाला, हो जी. पाणी मागितलं, प्यायला, गेला.

विषय मिटला. समजूतदार माणूस.

१७ एप्रिल

काल लिहिलं ते गुरांचं, ते अगदीच खोटं नाही. गुरं तिथे पाण्यावर येतातच.

३० एप्रिल

निकाल. आमच्या केंद्राला सहभागाचं प्रमाणपत्र. पहिला नंबर फ्रूट्सला.

बदलीची यादीही आली. तीनदा बघितली. दोनदा स्वतःचं नाव, एकदा आडनाव टाकून शोधलं. लटारू सरांचा फोन आला. सांत्वनाला असेल म्हणून उचलला नाही. खोलीमालकाला म्हणालो, खोली राहू द्या. तो म्हणाला, मी कुठी दुसऱ्याले देऊन राह्यलो होतो.

सुट्टीत घरी जाऊन नूतनला नीट सांगायचं. फोनवर नको.

२२ जून, रविवार. गडचांदूर

सुट्टी संपली. नीट सांगायचं राहून गेलं. नूतनने विचारलंही नाही. काल माझे कपडे बॅगेत भरताना म्हणाली, सगळे भरते, चार महिन्यांचे. म्हणजे तिला कळलं आहे.

खुशबूने विचारलं, बाबा तुम्ही राहणार होते ना. मी म्हणालो, यादीत थोडी तांत्रिक अडचण आहे. ती म्हणाली, मग मी येते, मला जहाज दाखवा. नूतन म्हणाली, जुलैत मला दोन दिवस सुट्टी आहे, घेऊन येते तिला. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती एटापल्लीला येते म्हणाली. मला इतका आनंद झाला की डोंग्याचं सांगायचं विसरलो.

२४ जून

शाळा सुरू. नदीला अजून घोट्याएवढंच पाणी.

गावात सभा झाली. नवीन डोंग्यासाठी लालसूने एक झाड पाहिलं आहे, तोडायची परवानगी यायची, मग कोरायला दोन महिने. लोकांनी रेशनचा तांदूळ आताच डोक्यावरून वाहून आणून ठेवला. गाव नियोजन शिकलं, ही चांगली गोष्ट. मंगलीची काकू उर्वशी, आठवा महिना चालू आहे, तिला आधीच एटापल्लीला नातेवाइकांकडे नेऊन ठेवलं. आरोग्याची जाणीव वाढते आहे.

सभेत सगळे मला पाहून सरकले आणि बसायला जागा दिली. थोडा वेळ बसून उठलो, डोकं दुखत होतं.

९ जुलै

नूतनचा फोन. शनिवारी दुपारी बाराच्या बसने येतात. खोली झाडली. दोन ताटं आणली. संकल्प: शनिवारी खुशबूला सगळं खरं सांगायचं. नदीकाठी नेऊन, शांतपणे. डोंगा म्हणजे काय, तो पाण्यात का ठेवतात. आता मला ते बऱ्यापैकी माहीत आहे.

१२ जुलै, शनिवार. शाळा, सकाळी ७.४०

सकाळची शाळा. मोटारसायकल पलीकडच्या काठावर ठेवून पायी आलो. पाणी पिंढरीला. दहाला सोडून निघतो, अकराला खोलीवर, बाराला स्टँडवर. काटेकोर नियोजन.

सकाळी १०.१५

नदी वाढली. इथे पाऊस नाही, वर कुठेतरी पडला आहे. पाणी गढूळ, छातीएवढं असेल. तासाभरात उतरेल.

दुपारी १२.३०

उतरलं नाही. वाढलं. त्यांची बस आली असेल. फोन टेकडीवर नेला, रेंज नाही, टॉवर बंद असावा.

कमळाबाई म्हणाल्या, लालसूचा डोंगा राहिला असता तं दहा मिनिटांचं काम होतं जी. त्यांनी ते टोचून म्हटलं नाही. पोळ्या लाटता लाटता म्हटलं.

दुपारी ३

लाकडी दारं बांधून तराफा करता येईल का, हे लालसूला विचारलं. त्याने धारेकडे पाहिलं आणि नाई म्हणाला.

संध्याकाळी ६

त्या खोलीबाहेर बसल्या असतील. किल्ली माझ्या खिशात आहे.

१३ जुलै, रविवार

हे दुपारी लिहितो आहे. शाळेच्या व्हरांड्यात.

सकाळी नऊच्या सुमाराला पलीकडच्या काठावर ऑटो आली. नूतनने कोणाला तरी विचारून काढलं असेल, सर कुठे शिकवतात. मी धावत गेलो. मध्ये नदी, पन्नास-साठ पावलांची, पण पाण्याचा आवाज असा की स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी दोन्ही हात हलवले. खुशबूने हात हलवला. नूतनने नाही हलवला, पण ती खाली उतरून अगदी पाण्याजवळ आली. तिने छत्री मिटली. मी ओरडलो की खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. तिने कानाला हात लावला. मी परत ओरडलो. मग तिने हातानेच सांगितलं, राहू दे.

खुशबू पाण्याकडे बोट दाखवून तिला काहीतरी विचारत होती. इकडून तिकडे बोट फिरवत होती. बहुतेक जहाज कुठे आहे ते. नूतनने तिला काय सांगितलं, मला दिसलं नाही.

तासभर थांबल्या. दोघी दगडावर बसल्या होत्या. मीही इकडे बसलो होतो. अकराची बस चुकली की दुसरी संध्याकाळी, आणि नूतनला सोमवारी ड्यूटी. सव्वादहाला त्या ऑटोत बसल्या. खुशबू ऑटोच्या बाजूने डोकं काढून बघत राहिली, वळणापर्यंत. मला रडू आलं. काठावर पोरं होती तरी आलं.

लालसू केव्हापासून मागे उभा होता, कोण जाणे. मी त्याला सांगितलं, डोंगा मीच काढला होता. महिनाभर उन्हात मीच ठेवला. पोरं नको म्हणत होती, तुझा बाप नको म्हणत होता. गुरं वगैरे काही नव्हतं.

लालसू म्हणाला, मालूम हाय जी. पोरीनं तवाच सांगितलं. मग म्हणाला, पाणी तीन-चार दिवस उतरत नाई आता. चला घरी, भात झाला हाय.

गेलो. मंगलीने ताट वाढलं. मी जेवलो.